फिजीचा वकील आणि समुद्राच्या करारांचा मसुदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रत्नागिरीला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि मिरकरवाड्याच्या बंदरात घरची बोट आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास करताना सत्य नंदन हे नाव तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसलं: सामुद्रधुन्यांतून जाण्याचा हक्क, १९९५चा मासेमारीचा करार, समुद्रतळाच्या खनिजांचं प्राधिकरण. हा माणूस फिजीचा, शिक्षणाने वकील. ना आरमार, ना पैसा, ना लोकसंख्या, अशा देशातला वकील इतक्या करारांच्या केंद्रस्थानी कसा पोचला, आणि आपल्याकडच्या वकिलाला ती वाट आहे का, हे तुम्हाला हवं आहे.

मी मुंबईत जहाजांच्या दाव्यांची वकिली करते आणि समुद्राचा कायदा शिकवते, त्यामुळे नंदन यांनी आकार दिलेली कलमं माझ्या रोजच्या कामात असतात. उत्तर आधीच सांगते. नंदन यांनी एकच विषय धरला आणि चार दशकं सोडला नाही. आणि त्या विषयात नेहमी मसुदा लिहिणाऱ्याच्या जागी बसले. भाषणं करणारे शेकड्याने होते. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा परिच्छेद सकाळपर्यंत लिहून आणणारे मोजके होते. त्यांची बाकीची कारकीर्द यातूनच उलगडते.

त्यांचा जन्म १९३६चा, सुवाचा. ते भारतीय वंशाचे फिजीयन. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. मुख्यतः आजचा उत्तर प्रदेश-बिहार आणि मद्रास इलाखा इथून. तिथला भारतीय समाज बहुतांशी त्यांच्यापासून वाढला, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी शिक्षण घट्ट धरलं, त्यातही वकिली. नंदन लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत आले. १० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झालं आणि तीन दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचं सदस्य झालं. नव्या देशाला न्यूयॉर्कमध्ये कार्यालय उघडायचं होतं आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या पहिल्या तुकडीत नंदन होते. परराष्ट्र सेवेत वर्षानुवर्षं तयार झालेला अधिकारी फिजीकडे असणंच शक्य नव्हतं, वकील मात्र होते. म्हणून वकील मुत्सद्दी झाला. लहान बेट-देशांत हे आजही असंच घडतं. सिंगापूरने १९६८ साली टॉमी कोह यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत म्हणून पाठवलं तेव्हा तेही कायदा शिकवणारे प्राध्यापक होते, वय जेमतेम तीस.

नंदन न्यूयॉर्कला पोचले ती वेळही महत्त्वाची. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्दो यांनी आमसभेच्या समितीपुढे मांडलं होतं की खोल समुद्राचा तळ कुणा एका देशाचा नसून साऱ्या मानवजातीचा समाईक वारसा मानावा. माल्टाही बेटच. त्यातून समुद्रतळ समिती निघाली आणि तिसऱ्या सागरी कायदा परिषदेची तयारी सुरू झाली. मोठ्या देशांसाठी तो अनेक विषयांपैकी एक होता. फिजीसाठी ती देशाच्या हद्दीची मोजणी होती. तीनशेहून अधिक बेटं, सगळी मिळून जमीन अठरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि आजच्या कायद्याने मिळालेलं आर्थिक क्षेत्र, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा, जिथल्या माशांवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो तो पट्टा, सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटर. जमिनीच्या सत्तर पट पाणी. त्या काळी हे पाणी फिजीचं नव्हतं.

हा मुद्दा नकाशा समोर ठेवून समजून घ्या. मोठं बेट विती लेवू, त्याच्या ईशान्येला वानुआ लेवू, पूर्वेला लाउ बेटांची लांबच लांब माळ. या तिघांच्या मधला तो कोरो समुद्र. जुन्या पद्धतीत प्रत्येक बेटाभोवती अरुंद प्रादेशिक समुद्राचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या देशाच्या ताब्यातल्या पाण्याचं, वेगळं कडं आखायचं. मग मधल्या पाण्यात खुल्या समुद्राचे खिसे राहत. तिथे कुणाचंही जहाज येऊन मासे धरणार, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारा फिजीचा नागरिक वाटेत आपल्याच देशाबाहेर जाणार. फिजीचं म्हणणं होतं, सगळ्यात बाहेरच्या बेटांची टोकं सरळ रेषांनी जोडा आणि आतलं सगळं एक घर माना. १९७३ साली फिजी, इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि मॉरिशस या चौघांनी मिळून द्वीपसमूह-राष्ट्रांची तत्त्वं मांडली.

मागणी न्याय्य होती, पण तेवढ्याने भागत नव्हतं. आरमारी देशांना भीती अशी की उद्या कुणीही दोन खडक जोडून अर्धा महासागर कुंपणात घेईल. त्यावर निघालेलं उत्तर आज, या परिषदेतून १९८२ मध्ये तयार झालेल्या सागरी कायद्याच्या सनदेच्या ४७व्या कलमात आहे आणि ते अस्सल वकिली उत्तर आहे. रेषेची लांबी १०० सागरी मैलांच्या वर नको. एकूण रेषांपैकी फार तर ३ टक्के रेषा १२५ मैलांपर्यंत चालतील. आत येणाऱ्या पाण्याचं जमिनीशी प्रमाण किमान १ ला १ आणि कमाल ९ ला १ असावं. आता हे आकडे काय करतात ते बघा. खालच्या मर्यादेमुळे ब्रिटन, आइसलँड यांच्यासारखी जमीन जास्त नि पाणी कमी असलेली बेटं बाहेर राहतात. वरच्या मर्यादेमुळे महासागरभर विखुरलेले ठिपके एकत्र बांधता येत नाहीत. फिजी आणि इंडोनेशिया बरोबर आत बसतात. फिजीलाही याचा फटका आहेच: उत्तरेकडचं रोटुमा इतकं लांब की ते त्या घेरात येत नाही, त्याच्या रेषा वेगळ्या आखाव्या लागल्या. आणि हो, आपल्या लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला ही पद्धत लागू होत नाही, कारण ४६व्या कलमाप्रमाणे ज्याचा सगळा प्रदेशच बेटांचा आहे असाच देश द्वीपसमूह-राष्ट्र ठरतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

न्यूयॉर्कच्या पहिल्या बैठकीनंतर १९७४ मध्ये काराकासला परिषदेचं खरं काम सुरू झालं. सगळ्या परिषदेत मिळून दीडशेवर देश होते. तत्त्व असं ठरलं होतं की सहमतीचे सगळे प्रयत्न संपेपर्यंत मतदान घ्यायचं नाही, आणि सगळे विषय मिळून एकच गाठोडं असेल: घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. प्रादेशिक समुद्र, सामुद्रधुन्या, द्वीपसमूह आणि आर्थिक क्षेत्र हे सगळं दुसऱ्या समितीकडे होतं. व्हेनेझुएलाचे आंद्रेस आगिलार तिचे अध्यक्ष, आणि रापोर्तर, म्हणजे कामकाजाचा अहवाल आणि मसुदा सांभाळणारे, सत्य नंदन. ही खुर्ची छोटी वाटते. प्रत्यक्षात कुठला देश कुठल्या शब्दावर अडला आहे आणि कुठल्या शब्दावर नुसता अडल्यासारखं दाखवतो आहे, हे त्या खुर्चीवरून जितकं दिसतं तितकं अध्यक्षालाही दिसत नाही.

सामुद्रधुन्यांचं प्रकरण तिथलंच. प्रादेशिक समुद्र ३ मैलांवरून १२ मैलांवर न्यायला बहुतेक देश तयार होते. पण तसं केलं की जगातल्या शंभराहून अधिक सामुद्रधुन्यांतली मधली खुली पट्टी नाहीशी होणार: जिब्राल्टर, मलाक्का, बाब-अल-मंदेब. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एरवी कशावर एकत्र येत नसत, इथे एकत्र होते. त्यांच्या पाणबुड्यांना आणि लढाऊ जहाजांना अडथळा नको होता. काठावरच्या देशांना मात्र आपल्या दारातून कुणी न विचारता जावं हे मान्य नव्हतं. ब्रिटन आणि फिजी यांनी मिळून मोजक्या देशांचा एक खासगी गट चालवला, आणि पारगमनाचा, म्हणजे न थांबता सामुद्रधुनीतून पार जाण्याचा, हक्क या नावाने आज ओळखला जाणारा सनदेचा तिसरा भाग मुख्यतः त्या गटाच्या मसुद्यावर उभा राहिला.

फिजीच का, हा प्रश्न इथे विचारायला हवा. फिजी स्वतः किनाऱ्याचा आणि बेटांचा देश, म्हणजे काठावरच्यांचं दुःख त्याला ठाऊक. पण त्याचा सगळा व्यापार समुद्रावरून, म्हणजे जहाजं अडली तर तोही अडला. दोन्हीकडे पाय असलेल्या माणसाच्या हातात लेखणी द्यायला दोन्ही बाजू तयार झाल्या. आपल्याकडे भाऊबंदांच्या वाटणीच्या दाव्यात तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, लिहायची वेळ येते तेव्हा दोन्ही वकील ज्याच्याकडे कागद सरकवतात असा एक जण प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात असतो. नंदन यांची जागा तीच होती.

त्या मसुद्यातलं एक वाक्य मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. विसाव्या कलमात, प्रादेशिक समुद्रातून जाताना पाणबुडीने पाण्यावर येऊन ध्वज दाखवला पाहिजे, असं स्पष्ट आहे. सामुद्रधुन्यांच्या भागात पाणबुडीचा उल्लेखच नाही. तिथे ३९वं कलम एवढंच म्हणतं की जहाजांनी अखंड आणि जलद प्रवासाच्या त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने जावं, इतर कुठल्याही हालचाली करू नयेत. पाणबुडीची नेहमीची पद्धत पाण्याखालून जाण्याची, म्हणून महासत्तांना हवं ते मिळालं. आणि आपण पाणबुड्यांना पाण्याखालून जाऊ दिलं असं कुठल्याही काठावरच्या सरकारला आपल्या संसदेत जाऊन सांगावं लागलं नाही, कारण तसं लिहिलेलंच नाही. एकदा सुटलेला वाद पुन्हा उघडणार नाही अशा बेताने लिहिणं म्हणजे काय, ते इथे शिकावं. पुढे नंदन यांनी ब्रिटनचे डेव्हिड अँडरसन यांच्यासोबत याच भागावर सविस्तर भाष्य लिहिलं. समोरच्या देशाच्या वकिलासोबत मिळून लिहिण्याइतका विश्वास त्या कामातून तयार झाला होता.

१९७६ ते १९८० नंदन ब्रुसेल्सला युरोपीय समुदायात फिजीचे राजदूत होते, नंतर मायदेशी परराष्ट्र खात्याचे सचिव. पण परिषदेचं काम त्यांनी एकदाही सोडलं नाही. इतर देशांचे प्रतिनिधी दर तीन-चार वर्षांनी बदलत, नवा माणूस येऊन जुनेच प्रश्न नव्याने विचारी. नंदन यांना १९७५च्या मसुद्यात अमुक स्वल्पविराम कशासाठी होता ते आठवत असे. फिजीच्या सरकारलाही याचं श्रेय द्यायला हवं: त्यांनी आपला माणूस पद बदलूनही विषयावर ठेवला. मोठ्या परराष्ट्र खात्यांना हे आजही जमत नाही.

३० एप्रिल १९८२ रोजी सनद १३० विरुद्ध ४ मतांनी संमत झाली, १७ देश तटस्थ. परिषदेचे पहिले अध्यक्ष श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे १९८०च्या अखेरीस वारले होते, तेव्हा शेवटचा टप्पा टॉमी कोह यांनी पार पाडला. १० डिसेंबर १९८२ ला जमैकातल्या माँटेगो बे इथे सह्या झाल्या. भारतानेही त्याच दिवशी सही केली, अनुसमर्थन, म्हणजे करार पाळण्याची अंतिम संमती, मात्र १९९५ मध्ये दिलं. फिजीने सही आणि अनुसमर्थन दोन्ही एकाच दिवशी केलं. सनदेला अनुसमर्थन देणारा तो पहिला देश.

विरोधातल्या चार मतांत एक अमेरिकेचं होतं, आणि त्यातून पुढचं दशक गेलं. अमेरिकेचा आणि मागोमाग बहुतेक औद्योगिक देशांचा आक्षेप अकराव्या भागावर, समुद्रतळाच्या खाणकामावर होता: तंत्रज्ञान सक्तीने द्यावं लागणं, उत्पादनावर मर्यादा, कंत्राटदारांवरचे आर्थिक बोजे. दरम्यान अनुसमर्थनं येत होती ती जवळजवळ सगळी विकसनशील देशांची. साठ पुरी झाली की सनद अंमलात येणार, आणि तिच्या संस्थांचा खर्च उचलणारे मोठे देश बाहेरच राहणार, असं चित्र होतं. नंदन १९८३ पासून १९९२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सागरी कायद्याचे उपमहासचिव होते. १९९० मध्ये महासचिव पेरेझ दे क्वेयार यांनी अनौपचारिक सल्लामसलत सुरू केली आणि तिला सुरुवातीपासून आकार देणाऱ्यांत नंदन होते.

कायदेशीर अडचण मोठी होती. सनद अजून अंमलातच नाही, तर तिच्यात दुरुस्ती कशी करणार? आणि ज्यांनी अनुसमर्थन दिलंय त्यांना तुमचा करार बदलला हे कुठल्या तोंडाने सांगणार? मार्ग असा निघाला की दुरुस्ती म्हणायचंच नाही. २८ जुलै १९९४ रोजी आमसभेने अकरावा भाग अंमलात आणण्याविषयीचा वेगळा करार संमत केला. त्याचं दुसरं कलम सांगतं की हा करार आणि अकरावा भाग एकच दस्तऐवज म्हणून वाचावा, आणि विसंगती आली तर हा करार वरचढ. यापुढे जो सनदेला अनुसमर्थन देईल त्याची या करारालाही संमती धरली जाईल. आणि ज्यांनी आधीच अनुसमर्थन दिलं होतं, त्यांनी करारावर सही करून ठरलेल्या मुदतीत नकार कळवला नाही, तर त्यांचाही होकार. दिवाणी वकिलाला ही रचना वाचताना आनंद व्हावा अशी ती आहे. १६ नोव्हेंबर १९९४ ला सनद अंमलात आली. जर्मनी त्याच्या थोडं आधी आत आला होता, जपान आणि ब्रिटन त्यानंतर एकेक करून आले. अमेरिका आजही बाहेर आहे.

आता तुमच्या घरच्या धंद्याशी थेट लागणारा भाग, आणि माझ्या मते नंदन यांचं सगळ्यात अवघड काम. २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र मान्य झालं, पण मासा रेषा पाळत नाही. कॉडसारखे मासे २०० मैलांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना फिरतात, टुना तर अर्धा महासागर ओलांडतो. किनाऱ्याच्या देशाने आत कितीही शिस्त लावली तरी रेषेच्या पलीकडे उभी असलेली परदेशी जहाजं तोच साठा उपसतात. १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलँडच्या कॉडची मासेमारी बंद करावी लागली, हजारो कुटुंबांचा धंदा एका निर्णयात थांबला. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या विषयावर परिषद बोलावली आणि अध्यक्षपद नंदन यांच्याकडे आलं.

त्या परिषदेच्या ऐन मध्यात, ९ मार्च १९९५ ला, कॅनडाच्या गस्ती नौकांनी २०० मैलांच्या बाहेर ‘एस्ताई’ हे स्पॅनिश ट्रॉलर गोळ्या झाडून थांबवलं आणि पकडून बंदरात आणलं. त्याचं जाळं समुद्रात कापून टाकलेलं होतं, ते वर काढण्यात आलं. आतल्या बाजूला बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं, दुसरं जाळं लावलेलं. आसाचा आकार काय आणि बारीक आसात कोणत्या वयाचं पिल्लू अडकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅनडाचे मत्स्यमंत्री ब्रायन टोबिन यांनी ते जाळं न्यूयॉर्कला आणून संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर ईस्ट नदीत बार्जवर टांगून जगाच्या पत्रकारांना दाखवलं. आत सभागृहात कॅनडा आणि युरोपीय संघ दोघेही नंदन यांच्यासमोर बसलेले.

अशा वेळी दुसरा कुणी परिषद तहकूब करता. नंदन यांची पद्धत वेगळी होती. त्यांनी आधीपासूनच प्रत्येक देशाच्या सूचना चौकोनी कंसांत भरून मसुदा फुगवू दिला नव्हता. सगळ्यांचं ऐकायचं, मग अध्यक्षाने स्वतःच्या नावावर एकच सलग मसुदा काढायचा, पुढच्या फेरीत त्यावर ऐकायचं, पुन्हा सुधारून काढायचा. कंसांतल्या मसुद्यात प्रत्येक जण आपल्या कंसाची राखण करतो. सलग मसुद्यात ज्याला बदल हवा त्याला तो का हवा ते सांगावं लागतं. मी लवादांत आणि जहाजमालक-विमा कंपन्यांच्या वाटाघाटींत ही पद्धत वापरते. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीपेक्षा ती लवकर पोचवते.

४ ऑगस्ट १९९५ ला करार मतदानाशिवाय संमत झाला. शास्त्रीय माहिती अपुरी असेल तर जास्त जपून मासेमारी करायची, माहिती नाही म्हणून उपाय लांबवायचे नाहीत, हे सहाव्या कलमात आलं. रेषेच्या आतले आणि बाहेरचे नियम एकमेकांशी जुळले पाहिजेत हे सातव्यात. प्रादेशिक मासेमारी संघटनेत या, नाहीतर तिचे नियम पाळायला कबूल व्हा, त्याशिवाय त्या साठ्याला हात लावता येणार नाही, हे आठव्यात. आणि एकविसावं-बाविसावं कलम: खुल्या समुद्रात दुसऱ्या देशाच्या मासेमारी जहाजावर चढून तपासणी कशी करायची, बळ किती आणि केव्हा वापरायचं. जहाजावर फक्त त्याच्या ध्वजाच्या देशाचा अधिकार हे शतकांचं तत्त्व, त्याला इथे मोजूनमापून दार ठेवलं गेलं. ‘एस्ताई’ची आठवण ताजी नसती तर हे दार इतकं नीट बसवलं गेलं असतं का, मला शंका आहे. भारत २००३ मध्ये या करारात सामील झाला. पाठोपाठ पॅसिफिकमधल्या टुनासाठीची परिषदही नंदन यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. तिचा करार २००० साली होनोलुलुला झाला, आणि त्या आयोगाचं कार्यालय मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटावर आहे. फिजीच्या शेजारच्या बेटांना आज टुनाच्या परवान्यांतून जे उत्पन्न मिळतं, त्यामागे ही कलमं आहेत.

१९९६ ते २००८ नंदन जमैकातल्या किंग्स्टन इथल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे पहिले महासचिव होते. इथे आपला धागा जुळतो. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ च्या जानेवारीत अरबी समुद्राच्या तळातून पहिले बहुधात्विक गोळे वर आणले: मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले. १९८७ मध्ये भारताची अग्रणी गुंतवणूकदार, म्हणजे समुद्रतळाच्या शोधकामात आधीच पैसा घातलेला देश, म्हणून नोंद झाली, आणि मार्च २००२ मध्ये, नंदन महासचिव असताना, भारत सरकार आणि प्राधिकरण यांच्यात शोधकामाचा करार झाला. मध्य हिंदी महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र त्यातून आपल्याकडे आहे. त्या करारामागचे नियम प्राधिकरणाने २००० साली केले होते.

या पर्वाबद्दल टीकाही आहे आणि ती मला रास्त वाटते. त्या वेळी शोधकामाचे नियम झाले, प्रत्यक्ष उत्खननाचे राहिले. १९९४च्या कराराच्या परिशिष्टात एक तरतूद आहे: एखाद्या देशाने उत्खननाची तयारी असल्याचं कळवलं की प्राधिकरणाने दोन वर्षांत नियम पुरे करायचे. जून २०२१ मध्ये नाउरूने, तेही एक छोटं बेट, हीच तरतूद वापरली आणि प्राधिकरणाची धावपळ झाली. दुसरीकडे २०२२ मध्ये खुद्द फिजी खोल समुद्रातलं खाणकाम थांबवा म्हणणाऱ्या देशांत गेला. तडजोड म्हणून लिहिलेलं कलम तीस वर्षांनी कुणाच्या हातात पडेल हे लिहिणाऱ्याला पुरतं दिसत नाही. नंदन यांच्यावर मनापासून आदर असूनही मला वाटतं, समुद्रतळाच्या जीवसृष्टीविषयीचं ज्ञान किती तुटपुंजं होतं ते बघता तिथे मासेमारीच्या करारातली सावधगिरी जास्त ठामपणे यायला हवी होती.

२०२० मध्ये ते वारले.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडे वाट आहे, पण ती वेगळी. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयात विधी आणि करार विभाग आहे. त्यातले विधी अधिकारी यूपीएससीमार्फत वेगळे निवडले जातात, नागरी सेवा परीक्षेतून नाही. जागा मोजक्या, जाहिराती अनियमित, म्हणून आयोगाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावं लागतं. या विभागाची परंपरा मोठी आहे. तिसऱ्या सागरी परिषदेत भारताच्या बाजूने एस. पी. जगोटा होते. पी. चंद्रशेखर राव याच विभागातून पुढे हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाचे न्यायाधीश आणि अध्यक्ष झाले. २०१७ मध्ये त्याच न्यायाधिकरणावर निवडून आलेल्या नीरू चढ्ढाही याच विभागातल्या. भारतीय परराष्ट्र सेवेतूनही जाता येतं, पण तिथे बदल्या तुम्हाला विषयावर टिकू देतीलच असं नाही, आणि तुम्हाला विषय हवा आहे असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं.

घरचे म्हणतात आधी वकिलीची सनद घ्या आणि रत्नागिरीच्या कोर्टात उभ्या राहा, असं तुम्ही लिहिलं आहे. घरचे बरोबर आहेत. कैफियत लिहायला शिका, साक्षीदाराला प्रश्न विचारा, तडजोडीच्या पुरशिशी तुमच्या हाताने लिहा. राज्याच्या १९८१च्या सागरी मासेमारी कायद्याखालची पर्ससीन (मोठ्या घेराच्या जाळ्याची) आणि एलईडी (दिव्यांच्या उजेडाने मासे ओढणाऱ्या) मासेमारीची प्रकरणं तुमच्या दारात आहेत, ती चालवा किंवा चालवणाऱ्याच्या हाताखाली वाचा. १२ मैलांच्या आत राज्य, पुढे केंद्र, या एका रेषेवर किती प्रकरणं अडकतात ते कळलं की १९९५च्या कराराचं सातवं कलम तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही. केरळच्या किनाऱ्याजवळ २०१२ मध्ये दोन मच्छीमार इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी मेले, ते ‘एन्रिका लेक्सी’ प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं. त्यातला २०१३चा निकाल आणि २०२०चा लवादाचा निवाडा दोन्ही लागोपाठ वाचा. एकाच घटनेकडे देशातलं न्यायालय आणि बाहेरचा लवाद कसे बघतात, ते त्यात आहे.

दोन-तीन वर्षांची वकिली झाली की संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा विभागाच्या पाठ्यवृत्त्यांना अर्ज करा. अमरसिंघे यांच्या स्मरणार्थ एक आहे, जपानच्या निप्पॉन फाउंडेशनसोबतची दुसरी आहे. हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणात उमेदवारीही करता येते.

तोवर एक काम आजच सुरू करता येईल. परिषदेचे सगळे जुने दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. १९७३चा चार द्वीपसमूह-राष्ट्रांचा प्रस्ताव उतरवून घ्या, त्याच्या शेजारी १९७५चा पहिला एकत्रित मसुदा आणि सनदेची आजची कलमं ४६ ते ५४ ठेवा. काय वाढलं, काय गळलं ते समासात पेन्सिलीने लिहा, आणि प्रत्येक बदलापुढे तो कुणाला हवा असेल त्या देशाचं नाव. पहिल्या वाचनात निम्मी नावं रिकामी राहतील. ती भरायला परिषदेच्या दुसऱ्या समितीचे बैठकवृत्तांत वाचावे लागतील. काराकासच्या उन्हाळी सत्रापासून सुरुवात करा. ते टिपण तयार झालं की मला पाठवा, मी वाचेन.